कॉनवी: शिबंदीचा चौक आणि राजाचा चौक

गडकोट पाहत फिरणाऱ्या आपल्यासारख्यांनी युरोपातील एकच मध्ययुगीन किल्ला निवांत पाहायचा ठरवला, तर मी वेल्सच्या उत्तर किनाऱ्यावरील कॉनवीचे नाव सुचवेन. वेल्स जिंकल्यावर इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याने १२८३ मध्ये त्याचे बांधकाम सुरू केले, आणि आल्प्स पर्वतातील सॅव्हॉय प्रांतातून आलेला स्थपती जेम्स ऑफ सेंट जॉर्ज याच्या देखरेखीखाली ते चार-पाच वर्षांत जवळजवळ पूर्ण झाले.

खडकावर आठ गोल बुरूज आहेत. खरी मेख मात्र आत आहे: एका आडव्या तटाने किल्ल्याचे दोन चौक केले असून बाहेरच्या चौकात शिबंदी, मुदपाकखाना आणि मोठी भोजनशाला, तर आतल्या चौकात राजा-राणीचे महाल आहेत. शत्रूने बाहेरचा चौक घेतला, तरी आतला चौक स्वतंत्रपणे लढू शकत असे, कारण तेथून पाण्याकडे उतरणारी वेगळी वाट होती. तटाची जाडी केवळ मारा सोसण्यासाठी नव्हती. तिच्याच पोटात जिने, शेगड्यांची धुराडी आणि शौचकूप बसवले आहेत. राजाचे प्रार्थनास्थळ तर एका बुरुजाच्या भिंतीतच कोरल्यासारखे सामावले असून, शेजारच्या चिमुकल्या खोलीत बसून राजाला प्रार्थनाविधी पाहता येई.

या रचनेमुळे माणसे कमी लागत. १२८४ च्या आदेशानुसार कायमची शिबंदी फक्त ३० जणांची होती. त्यांपैकी १५ क्रॉसबोधारी (घोड्याने बाण सोडायचे आडवे धनुष्य वापरणारे), बाकीच्यांत पाद्री, लोहार, सुतार, गवंडी आणि पहारेकरी. वेल्श लोकांच्या १२९४ च्या उठावात खुद्द एडवर्ड येथे अडकला, तेव्हा त्याची भिस्त समुद्रमार्गे येणाऱ्या रसदेवर होती.

किल्ला पडला तो १४०१ च्या गुड फ्रायडेला, आणि तोही फितव्याने नव्हे, तर चक्क बतावणीने. शिबंदी चर्चमध्ये गेलेली असताना वेल्श बंडखोर सुतारकामाच्या मिषाने आत शिरले. उत्तम तटबंदीलाही दरवाजा उघडून देणाऱ्या पहारेकऱ्यावर इलाज नसतो, हे आपल्याकडच्या किल्ल्यांच्या अभ्यासकांना नव्याने सांगायला नको.

राहण्याच्या सोयींची मात्र आबाळच झाली. राजे क्वचितच येत, छपरे गळत, तुळया कुजत. शेवटी १३४० च्या दशकात भोजनशालेचे छप्पर पेलण्यासाठी लाकडाऐवजी दगडी कमानी घालाव्या लागल्या.