आमच्याकडचा रविवार

कोल्हापूरची नगरपालिका 1972 साली महापालिका झाली आणि पुढची कित्येक दशकं तिची हद्द जागची हलली नाही. शहर मात्र हललं. पाचगावच्या माळावर चढलं, कळंब्याच्या तलावाकडं सरकलं, मोरेवाडी, उजळाईवाडी, उचगाव असं जमेल तिकडं पसरलं. त्यामुळं आम्ही राहतो ते कागदोपत्री गाव. घरफाळा ग्रामपंचायतीला भरायचा, आणि बघायला गेलं तर बंगल्यांच्या रांगा, मधूनच एखादं अपार्टमेंट, त्याच्या पलीकडं कुणाचा तरी न विकलेला उसाचा तुकडा. सोमवार ते शनिवार इथं इतकी सामसूम असते, की दुपारी भंगारवाला तीन गल्ल्या पलीकडं ओरडला तरी आपल्या दारात आल्यासारखा वाटतो.

हद्दवाढ व्हावी की नको यावर आमच्या वसाहतीत दोन तट आहेत आणि दोन्ही तटांतली माणसं एकाच कट्ट्यावर बसतात. रविवारी मात्र हद्दीचं कुणाला सोयरसुतक नसतं. सकाळी आमची वसाहत उठून शहरात खायला जाते, आणि दुपारपासून शहर उठून आमच्याकडं खायला येतं. मधे कुठंतरी, बहुधा कोल्हापुरातल्याच संभाजीनगरच्या चौकात, दोघं एकमेकांना हॉर्न मारत उभे राहतात.

आधी मटणाचं सांगते. आमच्याकडं मटणाची दुकानं नाहीत असं नाही. पाचगावातून जरगनगरमार्गे खाली उतरेपर्यंत चांगली स्वच्छ, फरशी बसवलेली दुकानं लागतात. माझा नवरा त्या सगळ्यांना ओलांडून मंगळवार पेठेत जातो, कारण त्याच्या वडिलांपासूनचं दुकान तिथं आहे. घर बदलून वीसेक वर्षं होत आली, बँक बदलली, डॉक्टर बदलला, मटणवाला आणि केस कापणारा बदललेला नाही. हे एकट्या आमच्या घरातलं खूळ असतं तर मी काही बोलले असते. पण गल्लीतल्या निम्म्या गाड्या रविवारी साडेसातला त्याच दिशेनं जातात. रांगेत उभं राहून आपली पाळी आली की तिथं म्हणायचं, "मामा, एक किलो. मांडी आणि चाप मिक्स. नळी घाला दोन, चरबी बघून." मामा वर न बघता म्हणतात, "घालतोय की." ही दोन वाक्यं जिथं बोलायला मिळतात तिथंच मटण चांगलं मिळतं, असा त्याचा ठाम समज. तो खोटा आहे हे सिद्ध करायच्या भानगडीत मी पडत नाही, कारण तेवढा दीड तास घर शांत असतं.

कोल्हापूरकर या बाबतीत किती हळवा आहे ते 2019 च्या अखेरीस सगळ्या महाराष्ट्रानं पाहिलं. मटणाचा दर वाढला म्हणून लोकांनी कृती समिती काढली, बैठका घेतल्या, आंदोलन केलं, विक्रेत्यांनी दुकानं बंद ठेवली. बाहेरच्यांना त्याचं हसू आलं. आमच्याकडं त्या दिवसांत लोकांच्या चेहऱ्यावर जे होतं ते हसण्यातलं नव्हतं.

शेजारच्या काकूंच्यात मात्र रविवारी वशाट चालत नाही. त्यांचं कुलदैवत जोतिबा आणि रविवार जोतिबाचा वार. त्यांच्यात मटण बुधवारी. रविवारी पहाटे काका जोतिबाच्या डोंगरावर, वाडी रत्नागिरीला जाऊन येतात, येताना अंगावर गुलालाचा ठिपका असतो, आणि बरोबर आमच्या कुकरच्या शिट्ट्या सुरू झाल्या की ते गॅलरीत पेपर वाचायला बसतात. वास पाहिला तर देवाला चालत नाही असं कुठं लिहिलंय, असं त्यांचं म्हणणं.

तांबड्या रश्श्याचं फार कौतुक झालं आहे. तिखट, लाल, वर तेलाचा कट, फोटोला उत्तम. तांबडा कुणालाही जमतो. घरची कांदा-लसूण चटणी चांगली असली की निम्मं काम तिनंच केलेलं असतं, आणि ती चटणी उन्हाळ्यात कांडप यंत्रावर रांग लावून, शिंका देत, वर्षाची करून ठेवलेली असते. खरी परीक्षा पांढऱ्याची. मटण हळद-मीठ, आलं-लसूण लावून शिजवायचं आणि त्याचं अळणी पाणी गाळून बाजूला काढायचं. खसखस आणि तीळ भिजवून गंधासारखे बारीक वाटायचे. जरा भरड राहिलं की रस्सा जिभेला खरखर लागतो. पातेल्यात थोड्या तुपावर दालचिनी, लवंग, वेलदोडा, मिरी परतायची, वाटण घालायचं, मग अळणी. नारळाचं दूध सगळ्यात शेवटी, आणि ते घातल्यावर पातेल्यापासून हलायचं नाही. मंद आचेवर पळी फिरवत राहायचं. कडेला बारीक बुडबुडे धरले की गॅस बंद. नेमकी तेव्हाच दाराची बेल वाजते, पाण्याचा टँकर आलेला असतो, आणि टँकरवाल्याला पाइप कुठं जोडायचा हे वर्षानुवर्षं नव्यानं सांगावं लागतं. रस्सा उकळला की फुटतो. फुटलेला पांढरा चवीला वाईट नसतो, पण सासूबाई वाटीत डोकावून फक्त "हं" म्हणतात.

सकाळच्या मिसळीबद्दल थोडक्यात. उद्यमनगरात फडतरेंकडं थांबायची तयारी असेल तर जावं, बावड्याची आवडत असेल तर बावड्याला जावं, चोरगेंची असेल तर महाद्वार रोडला. यावर कोल्हापुरात वाद घालणारी माणसं पुष्कळ आहेत, मी त्यांच्यात पडत नाही. एवढंच सांगते की पुण्याची पाहुणी मंडळी आली आणि त्यांनी पाव मागितला की समोर स्लाइस ब्रेड येतो. मग त्यांचे चेहरे बघायला मजा येते. कटात ब्रेड बुडवला की तो विरघळायच्या आत तोंडात घालायचा असतो, आणि ही चपळाई बाहेरून आलेल्यात नसते.

दुपारी बारानंतर वारा उलटा फिरतो. शहरातल्या गाड्या रिंगरोडकडं यायला लागतात. आमच्या बाजूला आता जिथं तिथं पाट्या आहेत: चुलीवरचं मटण, अस्सल गावरान, घरगुती थाळी, आणि माझी आवडती, 'मटण आणून दिल्यास करून मिळेल'. शेड मारलेली असते, बाजूला बाजा टाकलेल्या, एक दगडी जातं शोभेला. पेठेतली माणसं इथं येऊन दीर्घ श्वास घेतात आणि म्हणतात, "काय हवा आहे! जेवण जातंय बघ इथं." त्यांच्या ताटात जे मटण असतं ते बऱ्याचदा सकाळी त्यांच्याच पेठेतून आलेलं असतं. आमच्या घरात शिजलेलंही तिथलंच. म्हणजे तेच मटण, तेवढाच प्रवास. आम्ही म्हणायचं चव पेठेत, त्यांनी म्हणायचं चव माळावर.

हॉटेलच्याही पलीकडची पायरी म्हणजे रस्सा मंडळ. दहा-पंधरा मित्र, कुणाचं तरी शेत, एक मोठं पातेलं, तीन दगडांची चूल. यात सगळं पुरुष करतात. जे गृहस्थ घरात चहाचा कप उचलून ठेवत नाहीत ते इथं गुडघ्यावर बसून कांदा चिरतात, धुरात डोळे चोळतात, मीठ बघतात, दुसऱ्यानं चटणी जास्त घातली म्हणून भांडतात. नवऱ्याचं मंडळ शाळेपासूनचं. त्यात एक वकील आहे, एक फाउंड्रीवाला, एक निवृत्त फौजदार, आणि भाजण्याचा अंतिम अधिकार फौजदारांकडं. "जाळ कमी कर भावा, जाळ कमी कर," एवढं एकच वाक्य ते दुपारभर बोलतात म्हणे. रस्सा खरोखर चांगला होतो, मी चाखलाय. पातेल्याच्या तळाशी उरलेला घरी येतो. त्याबरोबर पातेलंही येतं, बाहेरून काळं ठिक्कर.

थंडी पडली की बेत बदलतो. करवीर तालुक्यातली गुऱ्हाळं पेटतात. पूर्वीपेक्षा फार कमी राहिलीत, ऊस सगळा कारखान्याला जातो. पण जी आहेत तिथं रविवारी ओळख काढून जायचं. भली मोठी काहील, खाली चुलवाणात चिपाडाचा जाळ, वर रस खदखदत असतो आणि त्यावर येणारी मळी माणूस लांब दांड्याच्या झाऱ्यानं काढत असतो. रस साफ व्हायला रानभेंडीचं पाणी घालतात. सगळ्यांचं लक्ष गुळव्याकडं. तो पाकाचा थेंब पाण्यात टाकतो, बोटांत धरून गोळी बघतो आणि मान हलवतो. ती मान हलेपर्यंत काहील उतरत नाही. थर्मामीटर लावून हे होणार नाही का, असं आमच्या इंजिनियर भाच्यानं विचारलं होतं. गुळव्यानं त्याच्या हातावर उसाच्या कांड्याला लावून गरम गूळ ठेवला आणि म्हणाला, "आधी खा, मग सांग." भाचा बोलायचा थांबला, दात चिकटले होते म्हणूनही असेल. गूळ व्हायच्या जरा आधीची काकवी बाटलीत भरून आणायची. भाकरीबरोबर ती संपेपर्यंत घरात दुसरं गोड लागत नाही.

संध्याकाळी पुन्हा अदलाबदल. शहरातली मंडळी कळंबा तलावाच्या बांधावर येतात. संस्थानच्या काळात या तलावानं शहराला पाणी पाजलं, आता शहर त्याच्याकडं सूर्यास्त बघायला येतं. पावसाळ्यात सांडव्यावरून पाणी पडायला लागलं की ती बातमी होते आणि कणसं भाजणाऱ्यांच्या गाड्या वाढतात. जवळच कळंबा जेल. अंबाबाईच्या प्रसादाचे लाडू काही काळ इथले बंदी वळत होते. लांबून लांबून आलेले भाविक महाद्वारातून जो प्रसाद कपाळाला लावून नेत, तो आमच्या बाजूनं गेलेला असायचा. याचा आम्हाला उगीचच अभिमान होता.

आम्ही त्या वेळी खासबागेत. शाहू महाराजांनी 1912 साली तयार करून घेतलेलं कुस्तीचं मैदान तिथं आहे, आणि त्याच्या आसपास आता कुस्तीपेक्षा भेळेची गर्दी जास्त असते. राजाभाऊंच्या भेळेला वाट बघावी लागते, तेवढ्यात लेक दोनदा विचारते, "आपल्याकडं पण मिळते की भेळ, इथं कशाला आलो?" आणि मिळाल्यावर तीच दुसरी सांगते. मग सासऱ्यांसाठी गंगावेशीत दूध कट्ट्यावर. म्हशी रस्त्यालगत उभ्या, गवळी उकिडवा बसलेला, धार थेट भांड्यात आणि भांड्यातून पेल्यात. पेला हातात आला की ऊन लागतो. वर बोटभर फेस, तो ओठाला लागतो आणि खालचं दूध कोमट, जरासं गोड, म्हशीच्या अंगाचा किंचित वास असलेलं. सासरे पेला एका दमात संपवतात, मिशा पुसतात आणि माझ्याकडं बघतात. "घे की सूनबाई." मी घेते. लेक सरळ सांगते, "मी नाही पीत. मी कॉकटेल खातो." कॉकटेल म्हणजे आइस्क्रीम, फळं, जेली एकावर एक रचलेला उंच ग्लास; तो खाल्ल्यावर पोरीला रात्री जेवण नको असतं आणि सासूबाईंना ते माझं अपयश वाटतं.

घरी येईपर्यंत नऊ वाजतात. रिंगरोडवरून परतणाऱ्या गाड्या समोरून येत असतात, आत पोरं झोपलेली.

सोमवारी सासूबाईंचा उपवास, त्यामुळं उरलेल्या रश्श्याला कुणी हात लावत नाही असं अधिकृतपणे ठरलेलं आहे. पांढरा तसाही रविवारी रात्रीच संपतो, तो टिकत नाही. तांबडा मात्र शिळा झाला की जास्त मुरतो. सकाळी मी बागेला पाणी घालत असते तेव्हा भिंतीपलीकडून काका खाकरतात. "वहिनी, काल पांढरा केला हुतासा जणू? वास आलता." पांढरा नाही, तांबडा उरलाय, असं मी सांगते. "चालतंय की," असं म्हणेपर्यंत डबा भिंतीवर आलेला असतो. डबा बुधवारी परत येतो, आणि आमच्याकडची रीत म्हणून रिकामा येत नाही. त्यांच्यात त्या दिवशी मटण असतं. बुधवारी आमच्यात नेमकी गवारीची भाजी असते.