आमची वाटचाल : मांगरातल्या फियाटपासून

रत्नागिरी तालुक्यातील आमच्या घरामागच्या मांगरात, म्हणजे शेतीचे सामान ठेवायच्या आडोशात, एक गाडी बारा पावसाळे उभी होती. तिच्या कागदांवर प्रीमियर पद्मिनी, १९७५, अशी नोंद असली तरी आमच्या घरात, वाडीत आणि खरे तर साऱ्या महाराष्ट्रात त्या गाडीला फियाटच म्हणतात. ते चुकीचेही नाही, कारण वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ही गाडी इटलीच्या फियाट कंपनीच्या परवान्याने ‘फियाट ११००’ म्हणून तयार होत असे आणि पद्मिनी हे नाव तिला १९७४ मध्ये मिळाले. आजोबा डॉक्टर होते. खाडीपलीकडच्या वाड्यांतून रात्री-अपरात्री बोलावणे आले की याच गाडीने ते जात. १९९८ मध्ये ते गेले आणि गाडी मांगरात गेली. जुन्या गाड्यांचा सडलेला पत्रा कापून त्या जागी नवा घडवून बसवण्याचा आमचा आजचा व्यवसाय त्या मांगरात जन्मला, म्हणून त्याची हकीकत तिथूनच सांगावी लागते.

आजीने गाडीवर ताडपत्री घातली होती, ती चारी बाजूंनी सुंभाने बांधली होती आणि दर मे महिन्यात बदलूनही घेत असे. ही माया गाडीला मानवली नाही. आमचे घर समुद्रापासून फार दूर नाही, आणि रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. लोखंडाला गंज चढण्यासाठी पाणी आणि प्राणवायू दोन्ही लागतात. त्यात खाऱ्या वाऱ्याबरोबर आलेले मीठ विरघळले की ते पाणी वीज अधिक सहज वाहून नेते आणि गंजण्याची क्रिया कितीतरी वेगाने होते. हवा न खेळणाऱ्या ताडपत्रीखाली हा ओलावा महिनोन्महिने कोंडून राहिला. आजही कोकणात कोणी गाडी उभी करून परगावी जाणार असेल, तर आम्ही प्लास्टिक काढून टाकायला, गाडी गोड्या पाण्याने खालून धुवायला आणि छप्पर असलेल्या पण वारा असलेल्या जागी ठेवायला सांगतो.

२००९ च्या दिवाळीत सगळे घरी जमले असताना भंगारवाला आला आणि त्याने गाडीचे बारा हजार रुपये सांगितले. आजी काही बोलली नाही, उठून आत गेली. थोरले काका नुकतेच एसटीच्या कार्यशाळेतून निवृत्त झाले होते. त्यांनी कंदील घेतला, मांगरात जाऊन ताडपत्री सोडली आणि स्क्रू ड्रायव्हरने गाडीचा तळ टोचून पाहायला सुरुवात केली. चालकाच्या पायाखालचा पत्रा, दारांखालचे पोकळ सिल, मागच्या चाकांच्या कमानी, डिकीतील जादा चाकाची खळगी, बॅटरीचा ट्रे, या प्रत्येक ठिकाणी स्क्रू ड्रायव्हर आरपार गेला. या गाडीला जीपसारखी वेगळी चासी नसते, पत्र्याचा सांगाडाच सगळा भार पेलतो. त्यामुळे सिल सडले म्हणजे नुसती शोभा गेली असे होत नाही, गाडीचा कणाच गेलेला असतो. काका बाहेर येऊन एवढेच म्हणाले, “इंजिन मी बघतो. पत्र्याला माणूस लागेल.” तो माणूस म्हणजे माझा धाकटा चुलतभाऊ. तो तेव्हा आयटीआयमध्ये वेल्डिंग शिकत होता आणि आज या व्यवसायात माझा भागीदार आहे.

गाडी ढकलून खळ्यात, म्हणजे घराच्या अंगणात, आणली आणि दिवाळीपासून मेअखेरपर्यंत असे दोन हंगाम आम्ही तिथे काम केले. इंजिन पूर्ण जाम होते. काकांनी चारही प्लग काढून सिलिंडरमध्ये डिझेल आणि ऑइल यांचे मिश्रण ओतले आणि इंजिन हाताने फिरवायच्या हँडलला हात लावायचा नाही अशी सर्वांना ताकीद दिली. रोज संध्याकाळी ते स्वतः फक्त हलक्या हाताने दाब देऊन पाहत. जाम इंजिनावर जोर केला की पिस्टनच्या रिंगा तुटतात, हे त्यांनी एसटीत किती वेळा पाहिले होते कोण जाणे. चौदाव्या दिवशी हँडल बोटभर फिरले. त्यानंतर इंजिन उतरवून आंबा घाटातून कोल्हापूरला मामांकडे नेले. शिवाजी उद्यमनगरात मामांचे लेथचे छोटे दुकान आहे. ज्या पेठेत ओतकाम, बोअरिंग, ग्राइंडिंग आणि खराद ही सगळी कामे हाकेच्या अंतरावर होतात, तिथे १०८९ घनसेंटिमीटरचे हे इंजिन, म्हणजे ६८ मिलिमीटर व्यासाचे आणि ७५ मिलिमीटर स्ट्रोकचे चार सिलिंडर, कोणालाच नवे नव्हते. बोअरिंग झाले, वाढीव मापाचे पिस्टन बसले, आणि हेड सपाट करून मिळाले.

परतताना मामांनी एका गुऱ्हाळातून दोन डबे जुनी, खाण्याजोगी न राहिलेली काकवी बरोबर दिली. एका भागाला नऊ भाग पाणी या प्रमाणात ती प्लास्टिकच्या पिंपात कालवायची आणि बिजागऱ्या, कंस, बोल्ट असे लोखंडी भाग दोन-तीन आठवडे त्यात बुडवून ठेवायचे. काकवीतील घटक गंजाला धरून विरघळवतात आणि चांगल्या लोखंडाला फारसा धक्का लावत नाहीत. घाई असेल तेव्हा आम्ही विजेचा मार्ग धरतो. धुण्याचा सोडा घातलेल्या पाण्यात भाग बॅटरी चार्जरच्या ऋण टोकाला आणि साध्या लोखंडाची सळई धन टोकाला जोडायची. यात हायड्रोजन वायू निघतो, म्हणून हे काम उघड्यावरच करायचे. सळईच्या जागी स्टेनलेस स्टील कधीही वापरू नये, कारण त्यातून क्रोमियमचे विषारी संयुग पाण्यात उतरते. आत्याने तांब्याच्या भांड्यांच्या अनुभवावरून आमसुलाचे पाणी सुचवले. लहान बोल्टांवर त्याचा गुणही आला. मात्र कोणतेही आम्ल गंजाबरोबर लोखंडही खाते आणि कठीण पोलाद ठिसूळ करू शकते, म्हणून स्प्रिंगसारखे भाग आम्ही त्यात टाकत नाही.

आत्याचा खरा वाटा गाडीच्या बैठकींचा. तिने जुने रेक्झिन शिवण उसवून एकेक तुकडा सुटा केला, त्यावरून कागदी नमुने कापले आणि घरच्या शिलाई यंत्रावर नवी आवरणे शिवली. आत गावच्याच काथ्याची गादी घातली. ते कागदी नमुने अजून आमच्या कपाटात आहेत आणि त्यावरून आजवर कितीतरी पद्मिनींच्या बैठका शिवून गेल्या आहेत.

आता चुकीबद्दल. २०११ च्या मे महिन्यात पाऊस तोंडावर आला होता. डावा सिल आम्ही पूर्ण कापून नवा केला होता, पण उजव्या सिलचा वरचा भाग चांगला दिसत होता आणि यंदाचा गणपती याच गाडीतून आणायचा असे मी आजीला सांगून बसलो होतो. भाऊ कापू म्हणत होता. मी नको म्हटले. भोकांवर पत्र्याचे तुकडे ठेवून वेल्डिंगचे टाके मारले, वर लांबी, म्हणजे पत्र्याचे खड्डे बुजवायची पुट्टी, भरली, घासली आणि रंग दिला. गणपती आला, आजी पुढच्या बैठकीवर बसून आली, गावाने कौतुक केले. दोन पावसाळ्यांनंतर, २०१३ मध्ये, उजव्या बाजूच्या रंगाला फोड आले, पुढचे दार उघडताना खाली बसू लागले आणि बोटाने दाबताच लांबीची खपली निघाली. आतला गंज थांबला नव्हता. लांबी ओलावा शोषते आणि आतल्या बाजूने तर हवा-पाणी लागतच होते, त्यामुळे झाकलेला भाग उघड्या भागापेक्षा जास्त सडला होता. मी दिलेला शब्द पाळण्यासाठी आजीला ज्या गाडीत बसवले, तिचा एका बाजूचा आधारच पोकळ होता, ही गोष्ट मला आजही बोचते.

त्या वर्षी दिवाळीनंतर आम्ही तो सिल पुन्हा कापला. खळ्यात चाललेले ते काम पाहायला येणाऱ्यांत एक निवृत्त शिक्षक होते. त्यांच्याकडे त्यांच्या वडिलांची ॲम्बॅसॅडर होती आणि शहरातील एका गॅरेजने तिला दोनदा नुसता रंग मारून दिला होता. त्यांनी विचारले, “आमचीही अशीच उघडून कराल का?” ती आमची पहिली गिऱ्हाइकाची गाडी. पुढच्या वर्षी आम्ही रस्त्यालगत पत्र्याची शेड भाड्याने घेतली, मामांनी एक जुने सीओटू वेल्डिंग यंत्र हप्त्यांवर दिले, आणि चुलतबहिणीने पहिल्या दिवसापासून हिशेबाबरोबर प्रत्येक गाडीच्या छायाचित्रांची वहीही ठेवली.

उजव्या सिलने शिकवलेली पद्धत तेव्हापासून बदललेली नाही. गाडी आली की आधी काका लोहचुंबक फिरवतात. लांबीचा थर जाड असेल तिथे चुंबक धरत नाही. नंतर बोटाच्या पेराने टकटक करून आवाज ऐकतात, कारण चांगला पत्रा खणखणतो आणि भरलेली जागा बद्द वाजते. संशयित जागेचा रंग उतरवून उघडा पत्रा आम्ही गिऱ्हाइकाला प्रत्यक्ष दाखवतो आणि खर्चाचा अंदाज त्यानंतरच सांगतो. कापण्यापूर्वी गाडी सपाटीवर टेकवून आतून लोखंडी नळ्यांचे आडवे-तिडवे आधार देतो, दारे जागेवर ठेवतो आणि एका वेळी एकच बाजू उघडतो. दोन्ही सिल एकदम काढले तर सांगाडा झुकतो आणि मग दारे आयुष्यभर नीट लागत नाहीत. सडलेल्या कडेपासून चांगला, चमकणारा पत्रा लागेपर्यंत कापायचे, मग हात कितीही आत जावो. नवा भाग सीआरसी, म्हणजे थंड लाटलेल्या पोलादी पत्र्यातून घडवतो, बहुतेक ठिकाणी २० गेज आणि भार घेणाऱ्या जागी त्याहून जाड १८ गेज. जोड शक्यतो कडेला कड लावून करतो. एकावर एक ठेवलेल्या जोडात पाणी केशाकर्षणाने शिरून बसते. वेल्डिंग सलग ओढायचे नाही. थोड्या-थोड्या अंतरावर टाके मारायचे, पत्रा निवू द्यायचा, मग मधल्या जागा भरायच्या, नाहीतर उष्णतेने पत्रा वाकडातिकडा होतो. सिलच्या तळाशी पाणी निघायची मूळ भोके असतात, ती लांबीने किंवा डांबराने बुजलेली नाहीत हे भाऊ तार घालून तपासतो. शेवटी पोकळीत लांब नळीने मेण फवारतो. तळाला जाड डांबर लावण्याची आपल्याकडची जुनी रीत आम्ही सोडली, कारण डांबराला तडा गेला की त्यामागे पाणी अडकते आणि वरून काहीच दिसत नाही.

पेट्रोलच्या टाकीबद्दल मात्र कोणाचेही ऐकून घेत नाही. रिकामी दिसणारी टाकी वाफेने भरलेली असते आणि ठिणगीने फुटू शकते. म्हणून टाकी गरम पाण्याने वारंवार धुऊन, जवळजवळ काठोकाठ पाण्याने भरल्याशिवाय तिला ज्योत लावायची नाही, हा काकांचा दंडक आहे. रंगाच्या खोलीतही तसेच. पीयू (पॉलीयुरेथेन) रंगातील आयसोसायनेट फुप्फुसांना कायमची इजा करू शकते, त्यामुळे बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मुखवटा घेतल्यावरच आम्ही ते काम सुरू केले. जून ते सप्टेंबर रंग बंद. दमट हवेत रंगावर पांढरी झाक येते. ते चार महिने इंजिन, वायरिंग आणि शिवणकामाचे.

सुटे भाग मिळवणे हे या व्यवसायातील निम्मे काम आहे. पद्मिनींची दारे, बॉनेट, काचा आम्ही बहुधा कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरील जुन्या मालाच्या दुकानांतून आणतो. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा आहे. ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस रस्त्यावरून उतरली, तेव्हा काका दिवसभर अस्वस्थ होते. आता भंगारात येणाऱ्या गाड्याही कमी होत चालल्या आहेत, म्हणून मधल्या काळात मामांच्या दुकानातून पत्र्याचे साचे करून घेतले. सिल, चाकांच्या कमानी आणि डिकीची खळगी आता आम्ही स्वतः काढतो आणि इतर गावांच्या मेस्त्रींनाही पाठवतो.

वर्षाला पाच-सहा गाड्यांपेक्षा जास्त काम घेत नाही. “फक्त वरून रंग मारून द्या” असे म्हणणाऱ्यांना नम्रपणे परत पाठवतो, आणि त्यामुळे काही वर्षे हात आखडता घ्यावा लागला, हेही खरे आहे.

आमच्या स्वतःच्या फियाटने २०२५ मध्ये पन्नाशी गाठली. केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात राखलेल्या गाडीला व्हिंटेज म्हणून नोंदणी आणि ‘व्हीए’ ही अक्षरे असलेला क्रमांक मिळू शकतो. चुलतबहिणीने अर्जाची तयारीही केली होती. पण अशी नोंदलेली गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही, हे कळल्यावर घरात बराच खल झाला. आजी आता नाही. आत्या दर संकष्टीला याच गाडीतून देवळात जाते आणि घरचा गणपतीही याच गाडीतून येतो. शेवटी काकांनी साध्या नोंदणीच्या नूतनीकरणाचे कागद भरायला सांगितले. येत्या एप्रिलमध्ये गाडी शेडमध्ये घ्यायची आहे. उजव्या सिलमध्ये पुन्हा मेण भरायची वेळ झाली आहे.