मास्टर सिलेंडर: दोन रविवार आणि एक सलाइनची नळी

नळ स्टॉपच्या सिग्नलला ब्रेक दाबून उभा होतो आणि पेडल पायाखालून हळूहळू खाली चाललं होतं. उचलून परत दाबलं की ताठ, धरून ठेवलं की पुन्हा उतरायला लागायचं. घरी येऊन चारही चाकांमागे बॅटरी मारून पाहिली. कुठे ओल नाही, डब्यातल्या ऑइलची पातळीही जागच्या जागी. म्हणजे ऑइल बाहेर कुठेच जात नव्हतं, आतल्या रबराला चकवून मागच्या मागे डब्यात परतत होतं. मास्टर सिलेंडर, म्हणजे पेडल दाबलं की ऑइल चाकांकडे ढकलणारा पंप, संपला. गाडी मारुती ८००, वडिलांनी २००१ मध्ये घेतलेली, त्यामुळे तक्रार करायला तोंड नाही.

पहिला रविवार. जुना उतरवून आत उजेड टाकला तर पुढच्या टोकाला गंजाचे डाग. नुसतं रबर किट स्वस्त पडलं असतं, पण तिथे नवं रबर घालणं म्हणजे ते किसणीवर घासणं. नाना पेठेतून अख्खा नवा सिलेंडर आणला आणि उत्साहाच्या भरात आत ऑइल न भरता कोरडाच बसवला. सगळं रामायण त्यातून झालं.

मग पाइपांतली हवा काढायला मुलीला पेडलवर बसवलं. सर्वांत लांबचं चाक आधी, म्हणजे आपल्याकडे मागचं डावं.
"दाब."
"दाबलाय, बाबा."
"धर." चाकामागचं हवा सोडायचं निपल पाव फेरा सैल, ऑइल आलं, निपल बंद. "आता सोड."

दीड बाटली ऑइल संपलं. चारही निपलमधून एक बुडबुडा येईना, तरी पेडल उशीसारखं मऊ. दुसऱ्या दाबाला मात्र ताठ. "बाबा, माझा पाय दुखतोय," या शेऱ्यावर त्या दिवसाचं काम थांबलं.

रात्री विचार करताना टाळकं ठिकाणावर आलं. हवा चाकांत नव्हतीच. सिलेंडर गाडीत किंचित नाक वर करून बसतो, आणि कोरडा बसवला की त्या नाकाशी हवेची गाठ अडकते. पेडल दाबलं की ती आकसते, सोडलं की फुगते, पण पाइपात उतरत नाही. खाली चाकाशी कितीही ऑइल काढा, ती वरती मजेत.

दुसरा रविवार. सिलेंडर परत खाली. जुन्या बाजारातून आणलेल्या व्हाइसमध्ये, म्हणजे शिकंज्यात, तो बोल्टाच्या कानाला धरून आडवा, अगदी सपाट लावला. पोट आवळायचं नाही, आतलं नळकांडं चेपतं. दोन्ही तोंडांना जुन्या ब्रेक पाइपचे कापलेले तुकडे, त्यांना मेडिकलमधून आणलेली सलाइनची नळी, आणि नळ्यांची टोकं डब्यातल्या ऑइलमध्ये बुडवलेली. मग फुलीच्या स्क्रूड्रायव्हरने मागून पिस्टन आत ढकलायचा.

इथे घाई नको. जोरात ढकललं तर मोठ्या बुडबुड्याचे शंभर बारीक होतात आणि ऑइल ताकासारखं दिसायला लागतं. मग ते निवळायची वाट बघत बसा. पहिले चार-पाच दाब नळी नुसती खोकत होती. मग लांब बुडबुडे, मग साबुदाण्याएवढे, मग मोहरीएवढे. पिस्टन जरासा हलला की डब्याच्या तळातल्या बारीक भोकातून छोटं कारंजं उडतं. पहिल्यांदा ते थेट माझ्या चष्म्यावर आलं, म्हणून झाकण अलगद ठेवलेलं बरं. दर दाबानंतर दहा-पंधरा सेकंद थांबत वीसेक मिनिटांत दोन्ही नळ्या काचेसारख्या स्वच्छ झाल्या.

सिलेंडर चढवून चारही चाकांची हवा पुन्हा काढली. या वेळी अर्धी बाटलीही लागली नाही आणि पेडल पहिल्याच दाबाला वरती, दगडासारखं. ब्रेक ऑइलच्या डॉट ३ प्रतीच्या जागी डॉट ४ भरलं. कोरडं असताना डॉट ३ किमान २०५ अंशांना उकळतं, डॉट ४ २३० ला. हे ऑइल हवेतलं पाणी शोषतं, म्हणून फोडलेली बाटली पावसाळाभर ठेवू नका.

एक नुकसान: पार्किंगच्या पिवळ्या पट्ट्यावर थेंब सांडले होते. नुसते फडक्याने पुसले, पाण्याने धुतले नाहीत. सकाळी पट्टा फुगून सोललेला. सेक्रेटरीकाकांना अजून कळलेलं नाही.

आधी पार्किंगमध्ये रांगत, मग गल्लीत, आणि शेवटी जुना कात्रज घाट दुसऱ्या गिअरमध्ये उतरून आलो. पेडल जागचं हललं नाही. खाली थांबून चाकांजवळ हात नेला तर मागचा डावा ड्रम उजव्यापेक्षा चांगलाच तापलेला. पुढच्या रविवारी तो उघडतो.