टीएसएच कमी, पण गोळी जास्त

आमच्या ओपीडीत थायरॉईडचे पेशंट म्हणजे बहुतेक ग्रंथी कमी काम करणारे. रोज सकाळी उपाशीपोटी थायरॉक्सिन, म्हणजे थायरॉईड हार्मोनचीच गोळी, अधूनमधून रक्ततपासणी, टीएसएच बघून डोस कमी-जास्त. टीएसएच म्हणजे ग्रंथीला कामाला लावणारं हार्मोन: थायरॉईड हार्मोन जास्त झालं की ते उतरतं, कमी पडलं की चढतं. हे आता घराघरात पाठ झालंय. ग्रंथी जास्त काम करते असे पेशंट त्यामानाने थोडे, आणि त्यांनाही हाच हिशेब लावला जातो. या फेब्रुवारीत आलेल्या ताईंच्या बाबतीत तेच झालं होतं.

वय पस्तिशीच्या पुढे. नवरा वायरमन, थोडा ऊस. ऑक्टोबरात छातीत धडधड, हातांना कंप, दोन वेळा पोटभर जेवूनही वजन उतरतंय म्हणून पुण्याला गेल्या. तिथल्या तज्ज्ञांनी ग्रेव्ह्जचा आजार असल्याचं निदान केलं. ग्रंथीला चिथावणारी अँटीबॉडी रक्तात सापडली होती, डोळेही जरासे पुढे आलेले. ग्रंथीचं काम कमी करणारं कार्बिमाझोल २० मिलिग्रॅम आणि धडधडीसाठी प्रोप्रॅनोलॉल सुरू झालं. सहा आठवड्यांनी दाखवायला या, असं कागदावर स्पष्ट लिहिलेलं होतं. पण तेवढ्यात उसाला तोड आली, सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं आणि पुणं राहून गेलं.

जानेवारीत जवळच्या शहरात एका डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी फक्त टीएसएच केलं. ते आलं ०.०१, म्हणजे जवळजवळ शून्य. "अजून कंट्रोल नाही," म्हणून २० चे ३० मिलिग्रॅम झाले. मग वजन वाढायला लागलं. मुंबईच्या नणंदेने आपल्या डॉक्टरांना फोनवर विचारलं. त्यांनी थायरॉक्सिन ५० मायक्रोग्रॅम जोडायला सांगितलं. ती स्ट्रिप आणून ठेवलेली, पण फोडलेली नव्हती. आणि गावातल्या एका जाणत्या म्हणवणाऱ्या माणसाने सांगितलं होतं, कार्बिमाझोलने रक्तातल्या पांढऱ्या पेशी मरतात, सगळं बंद करा.

"मॅडम, कुठली गोळी घ्यायची तेवढं एक ठरवून द्या," नवरा म्हणाला. "रोज जेवताना घरात हाच विषय."

मी प्रश्न ताईंना विचारत होते आणि उत्तरं नवरा देत होता, कारण ताईंचं उत्तर यायला वेळ लागत होता. आवाज घोगरा, पापण्या सुजलेल्या. फेब्रुवारीतल्या भर दुपारी अंगात स्वेटर. नाडी ५६. आता नाडी प्रोप्रॅनोलॉलनेही उतरते, तेव्हा एवढ्यावर काही ठरत नाही. म्हणून त्यांना खुर्चीवर गुडघे टेकवून, पावलं मागे मोकळी सोडून बसवलं आणि टाचेच्या वरच्या शिरेवर हातोडी मारली. पाऊल झटकन हललं, पण परत जागेवर यायला रेंगाळलं. दुसऱ्या पायाचंही तसंच. थायरॉईड हार्मोन कमी पडल्याची ही जुनी, भरवशाची खूण आहे. आपण जास्त थायरॉईडच्या पेशंटला तपासत नव्हतो, हे मला तिथेच कळलं.

केस गळतात म्हणून काही घेता का, हेही विचारलं. मेडिकलमधून आणलेल्या बायोटिनच्या गोळ्या चालू होत्या, चार दिवसांपूर्वी संपलेल्या. हा प्रश्न मी आता प्रत्येकाला विचारते. बायोटिन अंगात असलं तर काही मशिनवर टीएसएच खोटं कमी आणि टी४, म्हणजे ग्रंथीचं हार्मोन, खोटं जास्त दिसतं, म्हणजे कागदावर हुबेहूब ग्रेव्ह्ज. चार दिवस गेलेले होते, म्हणून रक्त लगेच घेतलं. फ्री टी४ (रक्तात मोकळं फिरणारं टी४), टी३ हे ग्रंथीचं दुसरं हार्मोन, टीएसएच, सोबत सीबीसी म्हणजे रक्तपेशींची मोजणी आणि लिव्हरच्या तपासण्या.

संध्याकाळी रिपोर्ट आले. फ्री टी४ ०.५, आमच्या लॅबची खालची मर्यादा ०.९. आणि टीएसएच ०.०२, अजूनही पार तळाला. पांढऱ्या पेशी व्यवस्थित.

सगळा घोळ या दोन आकड्यांत होता. ग्रंथी महिनोन्‌महिने जास्त हार्मोन सोडत असली की मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी टीएसएच बनवणं जवळजवळ थांबवते. पुढे औषधाने हार्मोन खाली आलं तरी ती लगेच जागी होत नाही. आठवडे, कधी कधी महिने जातात. त्या काळात नुसतं टीएसएच बघून डोस वाढवला तर पेशंट कमी थायरॉईडमध्ये ढकलला जातो. नवऱ्याला मी त्याच्याच भाषेत सांगितलं, टीएसएच म्हणजे मागच्या महिन्यांचं बिल, फ्री टी४ म्हणजे आत्ता फिरणारं मीटर. त्याला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही.

मग फाईलमधले सगळे कागद तारखेने लावले आणि एका कोऱ्या कागदावर रकाने आखले. तारीख, त्या दिवशी चालू असलेला डोस, फ्री टी४, टीएसएच, नाडी, वजन. जानेवारीच्या ओळीत फ्री टी४ चा रकाना रिकामा राहिला. तो पाहून मला खरंच राग आला. एक साधी तपासणी केली असती तर या बाईचे पाच-सहा आठवडे असे गेले नसते. थायरॉक्सिन जोडायचा सल्ला अगदीच निराधार नव्हता. कार्बिमाझोल मोठ्या डोसमध्ये ठेवून वरून थायरॉक्सिन देण्याची पद्धत आहे. पण जिथे डोस उतरवूनच भागतं तिथे ती कशाला? पांढऱ्या पेशींची भीतीही खरी, मात्र हजारात पाचांपेक्षाही कमी लोकांत, आणि बहुतेक पहिल्या तीन महिन्यांत. त्यासाठी औषध आधीच सोडायचं नसतं. ताप, घसा दुखणं किंवा तोंडात फोड आले तर त्याच दिवशी गोळी थांबवून सीबीसी करायचं. हे मी कागदाच्या वर लाल पेनाने लिहिलं.

पुण्याच्या तज्ज्ञांना फोन लावला, आकडे वाचून दाखवले. कार्बिमाझोल १०, थायरॉक्सिन नको, प्रोप्रॅनोलॉल टप्प्याटप्प्याने बंद, चार आठवड्यांनी परत तपासणी, यावर आमचं एकमत झालं. डोळ्यांबद्दल त्यांनी आवर्जून बजावलं. ग्रेव्ह्जमध्ये हार्मोन फार खाली जाऊ दिलं तर डोळ्यांचा त्रास वाढू शकतो. गोळी पूर्ण बंद का नाही, हे ताईंनी स्वतः विचारलं, आणि त्यांचा तो प्रश्न मला फार आवडला. हा उपचार साधारण १२ ते १८ महिने चालतो. मध्येच सोडला की आजार उलटण्याची शक्यता वाढते.

त्या कागदाचा फोटो त्याच रात्री नणंदेकडे गेला. तिच्या डॉक्टरांनी तो बघून थायरॉक्सिन नको असं कळवलं. मार्चमध्ये फ्री टी४ १.१ आलं, टीएसएच ०.०३. स्वेटर गेला होता, उत्तरं ताईच देत होत्या. रिपोर्ट हातात पडल्यावर नवऱ्याने आधी फ्री टी४ ची ओळ शोधली. डोस १० वरच ठेवलाय, आणि मेमध्ये दोघं पुण्याला जाणार आहेत.