ट्रेलरच्या रिलेची टरटर अखेर थांबली

मंडळी, गाडीमागे कयाक न्यायच्या ट्रेलरच्या कामाची ही पुढची नोंद. टेल लॅम्प लावला की डिकीच्या डाव्या अस्तरामागच्या रिलेमधून जी टरटर यायची, ती आता बंद झाली. ट्रेलरचे मागचे दोन्ही दिवे आता स्थिर पेटतात, ब्रेक वेगळा उजळतो, इंडिकेटर गाडीच्या तालात चालतात आणि डॅशबोर्डवर एकही खूण उगवत नाही. हिच (ट्रेलर ओढायला गाडीखाली बसवतात तो सांगाडा), त्यावरचा बॉल आणि सात पिनांचं सॉकेट मागच्या नोंदीतच बसलं होतं. अडलं होतं ते फक्त वायरिंग, आणि त्यानेच सगळा वेळ खाल्ला.

रिले, म्हणजे कॉइलमधल्या छोट्या करंटने मोठा करंट जोडणारा-तोडणारा स्विच, मुळात का लागतात, ते नव्याने येणाऱ्यांसाठी थोडक्यात. ट्रेलरवर फिलामेंटचे बल्ब आहेत: ब्रेकला २१ वॉटचे दोन, टेलला ५ वॉटचे दोन, नंबरप्लेटला ५ वॉटचा एक आणि इंडिकेटरला प्रत्येक बाजूला २१ वॉटचा एक. एका बाजूच्या इंडिकेटरसकट सगळं एकदम पेटलं तर साधारण साडेसहा अँपिअर, हॅझर्ड लावले तर आठच्या वर. गाडीचे मागचे दिवे एलईडीचे. त्यांना करंट देणारा बीसीएम (गाडीचे दिवे वगैरे सांभाळणारा इलेक्ट्रॉनिक कंट्रोल बॉक्स) एवढ्या ओझ्यासाठी बनवलेलाच नाही. म्हणून बॅटरीपासून वेगळी वायर, बॅटरीपासून वीतभर अंतरात १५ अँपिअरचा फ्यूज, आणि गाडीच्या दिव्यांकडून फक्त इशारा घ्यायचा. बॅटरीपासून डिकीपर्यंत सहा मीटर वायर जाते. २.५ चौ. मिमी वायरमध्ये आठ अँपिअरला साधारण ०.३५ व्होल्ट पडतात, १.५ चौ. मिमीमध्ये ०.६ व्होल्ट. वायरच्या किमतीतला फरक किरकोळ आहे, जाडच घ्या.

आता टरटर. टेल लॅम्पच्या वायरवर साधा मीटर लावला की ३.८ व्होल्ट दिसतात. बॅटरी १२.६ असताना ३.८ म्हटल्यावर कुणालाही सैल जॉइंट किंवा सडलेली वायरच सुचेल. वायर ठणठणीत होती. डीएसओ१३८ हा छोटा स्कोप (व्होल्टेजचा आलेख दाखवणारं यंत्र) लावल्यावर खरं चित्र दिसलं: सेकंदाला शंभर वेळा पूर्ण १२ व्होल्ट येतात आणि जातात, आणि प्रत्येक चक्रात ते फक्त ३० टक्के वेळ असतात. मीटर त्याची सरासरी दाखवतो. एकच एलईडी टेलसाठी मंद आणि ब्रेकसाठी पूर्ण पेटवायचा असेल तर बीसीएम हीच पीडब्ल्यूएमची, म्हणजे वेगाने चालू-बंद करण्याची, वाट धरतो. डोळ्याला स्थिर मंद प्रकाश दिसतो. रिलेला मात्र दर दहा मिलिसेकंदाला तीन मिलिसेकंद ओढ आणि सात मिलिसेकंद सुटका मिळते, आणि आतली पट्टी थरथरत राहते. ती थरथर म्हणजेच टरटर. असा रिले चालवत ठेवला तर कॉन्टॅक्ट काळे पडून शेवटी चिकटतात.

यावर सगळीकडे सांगितला जाणारा उपाय म्हणजे कॉइलवर आडवा १एन४००७ डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग). त्याने आवाज कमी होतो, पण रिले धड उचलत नाही, कारण कॉइलमधला सरासरी करंट ३० टक्क्यांवरच राहतो. दुसरा सल्ला डायोडच्या जोडीला १००० मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर लावण्याचा. कागदावर तो बरोबर वाटतो, पण रिकामा कपॅसिटर पहिल्या क्षणी शॉर्टसारखा करंट ओढतो. बीसीएमच्या आतलं संरक्षण जागं होतं आणि गाडीचाच टेल लॅम्प बंद पडतो. किल्ली बंद करून पुन्हा चालू केली की परत येतो. ज्यांच्या गाडीत असं होत असेल त्यांनी फ्यूज बॉक्स उलटापालटा करू नये. फ्यूज शाबूत असतो.

सुटका झाली ती इशारा घेताना करंटच न घेण्याने. रिलेची कॉइल दीडशे मिलिअँपिअर मागते. मॉस्फेट हा तीन पायांचा इलेक्ट्रॉनिक स्विच: गेट या पायावर व्होल्टेज आला की ड्रेन आणि सोर्स जोडले जातात, आणि गेटला करंट जवळजवळ काहीच लागत नाही. टेलच्या वायरपासून १एन४१४८ डायोड, पुढे एक रेझिस्टर, मग आयआरएलझेड४४एनचं गेट. गेटपासून अर्थला ०.४७ मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर, ४७ किलोओहमचा रेझिस्टर आणि १२ व्होल्टचा झेनर (व्होल्टेज त्यावर चढू न देणारा डायोड) असे तिन्ही शेजारी शेजारी. झेनर गाळू नका. या मॉस्फेटचं गेट १६ व्होल्टच्या वर सहन करत नाही आणि गाडीच्या लाइनवर उसळ्या येतातच. मॉस्फेटचा सोर्स अर्थला, ड्रेन रिलेच्या ८५ला, रिलेचं ८६ फ्यूजमधून आलेल्या १२ व्होल्टला (८५ आणि ८६ ही कॉइलची टोकं), आणि ८५-८६वर आडवा १एन४००७, डायोडवरचा पट्टा ८६कडे. ३० आणि ८७ ही कॉन्टॅक्टची टोकं नेहमीसारखी. डायोडमुळे कपॅसिटर भरतो पण मागे सांडत नाही, म्हणून मधल्या सात मिलिसेकंदांच्या खंडातही गेट ७ ते १० व्होल्टच्या दरम्यान तरंगत राहतं. मॉस्फेट लॉजिक लेव्हलचा, म्हणजे कमी व्होल्टेजवर पूर्ण उघडणाराच हवा. साधा आयआरएफझेड४४एन दुकानदार त्याच भावात पुढे करतो, पण तो पूर्ण उघडायला दहाएक व्होल्ट मागतो आणि आपल्याकडे तेवढी मोकळीक नाही.

कपॅसिटर आणि रेझिस्टरच्या जोडीचं गणित इथे फार महत्त्वाचं आहे. १ मायक्रोफॅरॅड आणि १०० किलोओहम घेतले तर दिवा विझल्यावरही रिले सुमारे १७० मिलिसेकंद धरून ठेवतो. टेलला चालेल, इंडिकेटरला नाही. तिथे अंधाराचा काळच तिनेकशे मिलिसेकंदांचा असतो, त्यातला अर्धा खाल्ला तर ट्रेलरचा इंडिकेटर जवळजवळ सतत पेटल्यासारखा दिसतो. ०.४७ आणि ४७ किलोओहमवर हा उशीर ३५ ते ४० मिलिसेकंदांवर येतो. टेल, ब्रेक आणि दोन इंडिकेटर अशा चारही चॅनेलला तेच ठेवलं, म्हणजे सुटे भाग एकाच जातीचे.

एवढं करूनही दिवे बंद असताना, नुसती किल्ली फिरवली की अधूनमधून ‘टक्’ असा आवाज येत होता. पुन्हा स्कोप. बीसीएम बल्ब शाबूत आहे का हे तपासायला साधारण ०.२ मिलिसेकंदाची बारीक ठिणगी, म्हणजे व्होल्टेजचा क्षणिक झटका, पाठवतो. डायोडनंतरचा रेझिस्टर १ किलोओहमचा असेल तर तेवढ्यातही गेट चार व्होल्टपर्यंत चढतं आणि रिले उचलतो. तोच ४.७ किलोओहमचा केला की तपासणीच्या ठिणगीने गेट व्होल्टभरच हलतं, आणि टेलच्या खऱ्या सिग्नलवर सात-दहा व्होल्ट मिळतातच. वर दिलेला ७ ते १०चा आकडा ४.७ किलोओहमसकटचाच आहे. दोन रुपयांचा रेझिस्टर, पण शांतता त्यानेच आणली.

ब्रेकचा इशारा मागच्या दिव्यातून घ्यायचाच नाही. टेल आणि ब्रेक एकाच एलईडीवर असल्याने आपल्या सर्किटला ३० टक्के आणि १०० टक्के यांतला फरक कळत नाही, आणि टेल लावला की ट्रेलरचे ब्रेक दिवेही पेटून राहतात. पावसाळ्यात कसारा घाटात धुकं उतरलेलं असताना मागच्या ट्रकवाल्याला ब्रेक आणि टेल वेगळे दिसलेच पाहिजेत, यात तडजोड नाही. म्हणून पेडलच्या वरच्या ब्रेक स्विचपासून ०.५ चौ. मिमीची वायर थेट डिकीत नेली. पेडल दाबल्यावरच १२ व्होल्ट येणारी वायर शोधायची. त्याच स्विचला कायम १२ व्होल्टची एक असते, ती नव्हे. वायर उजव्या दारांच्या खालच्या पट्टीखालून, कंपनीच्या हार्नेसला टाय मारत न्यावी. सीटबेल्टच्या रीळापाशी आणि सीटच्या रुळाखाली ती मोकळी राहिली तर घासून शॉर्ट होणार हे नक्की.

हे लिहिता लिहिताच एक गोष्ट लक्षात येते आहे आणि त्याने पुढचा बेत बदलतो. गाडीच्या साध्या रिलेचं विजेच्या ओझ्याखालचं आयुष्य साधारण एक लाख उघडझाप धरतात. इंडिकेटर मिनिटाला ८५ वेळा लुकलुकतो असं धरलं तर एक लाख म्हणजे जेमतेम वीस तास. टेल आणि ब्रेकला रिले जन्मभर पुरेल, इंडिकेटरला नाही. तेव्हा त्या दोन चॅनेलमधून रिले काढून आयआरएफ४९०५ हा पी-चॅनेल मॉस्फेट टाकायचा: सोर्स फ्यूजकडे, ड्रेन दिव्याकडे, गेट आणि सोर्समध्ये १० किलोओहम आणि १२ व्होल्टचा झेनर, गेटपासून १ किलोओहममधून आधीच्याच आयआरएलझेड४४एनच्या ड्रेनला. पावणेदोन अँपिअरला तो कोमटही होत नाही, हीट सिंक लागत नाही. थंड फिलामेंट पहिल्या क्षणी दहापट करंट ओढतं, तेही तो सहज झेलतो. मात्र शॉर्ट झाला तर मॉस्फेट रिलेसारखा तग धरत नाही, म्हणून प्रत्येक बाजूला स्वतंत्र ५ अँपिअरचा फ्यूज. आणखी एक: गाडीला आता ट्रेलर दिसतच नाही, त्यामुळे ट्रेलरचा इंडिकेटर बल्ब गेला तरी टिकटिक वेगाने होणार नाही. निघण्याआधी मागे जाऊन दिवे पाहणं आलंच.

अर्थचं काम छोटं, पण इथेच बहुतेकांची वायरिंग फसते. ट्रेलरचा सांगाडा नाशिकच्या अंबडमधून पावडर कोटिंग होऊन आला. हा थर साधारण ६० ते ८० मायक्रॉनचा आणि विजेला पक्का अडथळा. दिव्यांना बोल्टमधून अर्थ मिळेल या भरवशावर राहिलं तर कधी हिचच्या बॉलमधून मिळतो, कधी नाही. अर्थ तुटला की २१/५ वॉटच्या डबल कॉन्टॅक्ट बल्बमध्ये ब्रेकचा करंट ५ वॉटच्या फिलामेंटमधून उलटा टेलच्या लाइनमध्ये घुसतो आणि ब्रेक दाबला की नको ते दिवे मंद पेटतात. म्हणून प्रत्येक दिव्यापासून अर्थची स्वतंत्र वायर थेट सॉकेटच्या तीन नंबरच्या पिनला, आणि गाडीच्या बाजूला बॉडीवरचा रंग चकचकीत पत्रा दिसेपर्यंत पॉलिश पेपरने घासून थिंबल, दातेरी वायसर आणि वरून ग्रीस. तपासायचं सगळे दिवे पेटवून: दिव्याच्या अर्थपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत ०.२-०.३ व्होल्टच्या आत यायला हवं.

कोटिंगचा दुसरा उपद्रव हिचच्या बोल्टांना. वायसरखालचा थर दाबला जाऊन पसरतो आणि घट्ट केलेला बोल्ट आपोआप सैल पडतो. एम१२, ८.८ ग्रेडचे बोल्ट ८० न्यूटन-मीटरला आवळलेले होते. पहिल्या लोडेड फेरीनंतर टॉर्क पान्यावर ते पुन्हा फिरले. बोल्टाच्या जागा घासून, नुसता झिंकचा पातळ हात मारून पुन्हा आवळल्यावर हलत नाहीत. कोटिंगला देताना बोल्टाच्या आणि अर्थच्या जागांवर मास्किंग टेप लावायला स्पष्ट सांगा. न सांगता कुणी करत नाही. चेसिसच्या पोकळ पेटीत बोल्टाभोवती पाइपचे बुश टाकले नसतील तर आवळत बसू नका, पत्रा आत चेपत जाईल.

सामानाबद्दल. सात पिनांचं सॉकेट आणि प्लग नाशिकमधल्या द्वारकेच्या बाजूला ट्रॅक्टरच्या स्पेअरमध्ये सहज मिळतं आणि मजबूत असतं. तिथेच ट्रकचे दिवे स्वस्तात मिळतात, पण त्यातले बल्ब २४ व्होल्टचे असतात. १२वर ते लालसर, मंद पेटतात आणि माणूस वायरिंगमध्ये दोष शोधत बसतो. रिलेही उलटा करून १२ व्होल्ट वाचूनच घ्या. बॉल घेताना ५० मिमी आणि दोन इंच एकच समजू नका. दोन इंच म्हणजे ५०.८ मिमी: ५० मिमीच्या कपलरमध्ये (ट्रेलरची बॉलवर बसणारी वाटी) तो नीट बसत नाही, आणि उलटं केलं तर खडखडतो आणि उडी मारून सुटू शकतो. व्हर्नियर खिशात ठेवा, दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका. निळ्या चिमट्याच्या टॅप कनेक्टरना गाडीत जागा देऊ नका, ते वायरचे तंतू कापतात आणि आपल्याकडच्या पावसात एका हंगामात हिरवे पडतात. रॅचेटचं क्रिम्पिंग टूल आणि आतून गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह, एवढ्या दोन गोष्टींवर पैसे खर्च केलेले कधी वाया जात नाहीत.

कागदांची बाजूही विसरू नका. मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येत ट्रेलर हेही मोटार वाहनच आहे, त्यामुळे त्याची स्वतंत्र नोंदणी लागते. गाडीच्या मॅन्युअलमध्ये टोइंगची मर्यादा दिली आहे की सरळ मनाई आहे, हे हिचला हात लावण्याआधी वाचा.

पुढचं काम दिव्यांच्या जागेचं. दोन्ही कयाक चढवल्या की त्यांची टोकं ट्रेलरच्या मागे एवढी येतात की मागच्या गाडीला दिवे अर्धवट झाकलेले दिसतात. कंस वाढवून दिवे मागे न्यायचं ठरलं होतं, पण त्यापेक्षा सुटी पाटी बरी: ॲल्युमिनियमच्या चौकोनी पाइपवर दिवे, त्रिकोणी रिफ्लेक्टर आणि नंबरप्लेट, आणि ती पाटी पट्ट्यांनी कयाकच्या शेपटाला बांधायची. गंगापूर धरणाच्या काठाला ट्रेलर पाण्यात उतरवताना ती काढून डिकीत टाकता येईल, म्हणजे गरम बल्ब गार पाण्यात बुडून तडकण्याचा प्रश्नही मिटला. त्यासाठी पाच मीटर केबल वाढते. सात कोरची १ चौ. मिमी केबल सरसकट वापरली तर एकट्या अर्थच्या कोरमध्ये साडेसहा अँपिअरला ०.६ व्होल्टच्या वर पडतील. दिव्यांना १ चौ. मिमी आणि अर्थला वेगळी २.५ची वायर शेजारून नेली तर ते पाव व्होल्टवर येईल. तीच केबल घ्यायची, आणि पाटी बांधून सगळे दिवे लावल्यावर आधी अर्थचाच व्होल्टेज मोजायचा.