रून लिपी: अर्थ नंतर, आधी लेखाचा क्रमांक

रून ही उत्तर युरोपातली जुनी लिपी, तिच्या चिन्हांनाही रूनच म्हणतात. त्यातल्या एका चिन्हाबद्दल ‘फेहू म्हणजे धनलाभ, ते चिन्ह गळ्यात घाला’ असं कुठेही वाचलं की पहिला प्रश्न एकच: हे कोणत्या लेखात कोरलंय? स्कँडिनेव्हियातल्या अभ्यासल्या गेलेल्या रूनलेखांना क्रमांक आहेत. ‘यू’ म्हणजे स्वीडनमधला उपलांड, ‘डीआर’ डेन्मार्क, ‘एन’ नॉर्वे. क्रमांक न देता केलेला दावा खुशाल सोडून द्या.

क्रमांक मिळाला की रूनडाटा उघडा. हा उप्साला विद्यापीठाचा फुकट कोश आहे. त्यात प्रत्येक लेख तीन थरांत येतो: चिन्हागणिक लिप्यंतर, मग प्रमाण जुन्या नॉर्समधलं (स्कँडिनेव्हियाच्या जुन्या भाषेतलं) वाचन, मग इंग्रजी भाषांतर. बहुतेक जण उडी मारून तिसऱ्यावर जातात. खरी गोम पहिल्या दोहोंच्या मधे असते.

यू ३४४ घ्या. हा दगड सध्या ऑर्केस्टाच्या चर्चजवळ उभा आहे. उल्फ नावाच्या माणसाने इंग्लंडात तीनदा खंडणी घेतली, पहिली तोस्तीने दिली, मग थोर्केटिलने, मग क्नूतने, असा मजकूर. हे तिघे खंडणी वसूल करून आपल्या माणसांना वाटणारे म्होरके. दगडावर ‘कियाल्ट’ आहे, वाचन मात्र ‘ग्याल्ड’, म्हणजे खंडणी. कारण व्हायकिंग काळातल्या मालेत चिन्हं फक्त १६. ‘क’ आणि ‘ग’ला एकच चिन्ह, ‘त’ आणि ‘द’लाही एकच. कोणता उच्चार घ्यायचा हे संदर्भावरून ठरतं आणि तिथेच अभ्यासकांचे मतभेद होतात.

लिप्यंतरातले कंस नीट पाहा. गोल कंस म्हणजे चिन्ह झिजलेलं. चौकोनी कंसातलं आज दगडावर नाहीच, ते जुन्या नोंदींवरून भरलेलं आहे. क्रमांकापुढे क्रूसासारखी खूण असेल तर तो लेखच हरवलाय. फोटोतल्या लाल रंगावरही विसंबू नका. तो बहुधा अलीकडे भरलेला असतो आणि भरणाऱ्याला जे दिसलं तेच ठळक होतं.

दुसरी गफलत काळाची. २४ चिन्हांची जुनी माला साधारण दुसऱ्या ते सातव्या शतकातली, म्हणजे व्हायकिंगांच्या आधीची. व्हायकिंगांच्या नावाने विकल्या जाणाऱ्या लॉकेटांवर मात्र सर्रास तीच असते. ‘फेहू’ हे नाव अभ्यासक आधी तारा (*) लावून लिहितात, कारण ते कोरलेलं सापडलेलं नाही, उत्तरकालीन नावांवरून बांधलेलं आहे. नॉर्वेजियन रूनकवितेत या चिन्हाबद्दल काय म्हटलंय? धन भाऊबंदकी लावतं! धनलाभवाल्यांनी ही ओळ गाळलेली दिसते.

रूनवरून भविष्य सांगणाऱ्यांकडून रोमन इतिहासकार टॅसिटसचा दाखला हटकून येतो. त्याने इ.स. ९८च्या सुमारास जर्मन टोळ्यांविषयी लिहिलं की लाकडाच्या तुकड्यांवर खुणा करून कौल लावतात. खुणा रूनच होत्या असं तो म्हणत नाही. भविष्याच्या संचातला कोरा रून, म्हणजे चिन्हच नसलेला तुकडा, १९८०च्या दशकातला. १८ चिन्हांचा ‘आर्मानेन’ संच ऑस्ट्रियाच्या गुइडो फॉन लिस्टने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रचला. टॅटूवाल्यांचं लाडकं ‘वेग्विसिर’ तर रूनच नव्हे. ते १८६०च्या आइसलँडिक हस्तलिखितातून आलंय.

मंत्रतंत्र अजिबात नव्हतं असंही नाही. ताईत सापडलेत. एगिलच्या सागात (जुन्या आइसलँडिक गद्यकथेत) चुकीचे रून कोरल्याने आजारी मुलीचं दुखणं वाढतं. पण तो सागा तेराव्या शतकातला, कथा दहाव्या शतकाची, हे अंतर लक्षात ठेवूनच वापरायचा.

रोजच्या वापराचा पुरावा हवा असेल तर नॉर्वेतल्या बर्गनच्या ब्रिगेन धक्क्यावर जा. १९५५च्या आगीनंतरच्या उत्खननात तिथे लाकडावर आणि हाडांवर कोरलेले सहाशेहून जास्त लेख निघाले. मालावर बांधायच्या नावाच्या चिठ्ठ्या, प्रार्थना, चावट ओळी. एका काडीवर नुसतं ‘गीदा म्हणते, घरी चल’. मागच्या बाजूलाही काहीतरी खरडलंय, पण त्याचा पटेल असा अर्थ अजून लागलेला नाही.