गॅरेजची खोली करताय? आधी मंजूर प्लॅन काढा

आमच्या काकीला आता जिना चढवत नाही, म्हणून दादाने ठरवलंय खालचं गॅरेज बंद करून तिला खोली काढायची. गोव्यात डिचोलीकडचं घर, पंचायत एरिया. मिस्त्री म्हणतो त्यात काय, शटर काढायचं, चिरे लावायचे, एक खिडकी बसवायची, कोण विचारतंय. विचारतात हो! शेजाऱ्याशी जरा वाजलं की पंचायतीत तक्रारअर्ज गेलाच समजा.

भिंत घालणं सोपंच आहे, अडतं ते एफएआरपाशी, म्हणजे प्लॉटच्या क्षेत्राच्या किती टक्के बांधकाम सगळे मजले मिळून करता येतं त्या मर्यादेपाशी. प्लॅनमध्ये पार्किंग म्हणून दाखवलेली जागा सहसा त्यात धरत नाहीत, पण तिथे माणूस राहायला लागला की ती मोजली जाते. आपला झोन व्हीपी-२ (पंचायत हद्दीतल्या वस्तीचा एक झोन) असेल तर एफएआर ६०, म्हणजे ३०० चौरस मीटरच्या प्लॉटवर १८० चौरस मीटर, आणि वरचा मजला चढवताना बहुतेकांनी ते संपवलेलं असतं. शिवाय गाडी कुठे लावणार तेही प्लॅनमध्ये दाखवावं लागतं, रस्त्यावर लावू म्हणून भागत नाही.

एफएआर शिल्लक असेल तर इंजिनियरकडून रिवाइज्ड प्लॅन करून घ्या, एक-चौदाचा उतारा (जमिनीच्या हक्काची नोंद) जोडा, टीसीपीची, म्हणजे नगरनियोजन खात्याची, टेक्निकल क्लिअरन्स घ्या, मग पंचायतीचं कन्स्ट्रक्शन लायसन (पंचायत राज कायदा १९९४, कलम ६६), आणि काम झाल्यावर ऑक्युपन्सी (राहायला परवानगीचा दाखला). नदीकाठी असाल तर सीआरझेडचं, म्हणजे किनारी भागातल्या बांधकामाच्या नियमांचं, त्रांगडं वेगळंच.

आणि कागद झाले तरी खोली राहण्यासारखी व्हायला हवी ना. नॅशनल बिल्डिंग कोडप्रमाणे गॅरेजची जमीन आवारापेक्षा १५ सेंटीमीटर वर असली तरी चालते, राहत्या घराचं जोतं मात्र ४५ हवं. आपल्या पावसात या फरकाचा अर्थ काय ते जुलैत गॅरेजमधल्या कोपऱ्यातली पोती उचलून बघा, खाली बुरशी आणि पाणी. जमीन उचलली की उंची कमी होते, आणि राहत्या खोलीला २.७५ मीटर लागते. दादाच्या गॅरेजला स्लॅबखाली तेवढी उंची उरतच नाही, त्यामुळे मला विचाराल तर काकीला हॉलच्या मागची खोली द्यावी आणि तिथलं सामान गॅरेजमध्ये टाकावं. दादाला हे पटत नाहीये, कारण पुढेमागे ती खोली टुरिस्टांना द्यायचा त्याचा विचार दिसतो, त्याला परत टुरिझमचं रजिस्ट्रेशन लागतं ते वेगळंच.